अकिलीसचे भाऊबंद

शास्त्रीबुवांना उभ्या आयुष्यात एकही नवा माणूस भेटला नाही.

तशी माणसं काही कमी भेटली नाहीत. राहायला ते कॉन्स्टँटिनोपलला, युरोप आणि आशिया जिथे एकमेकांच्या परसात डोकावतात त्या सामुद्रधुनीच्या काठावर. डॅन्यूबपलीकडून घोड्यावर येणारे, काळ्या समुद्रातून होड्या हाकत येणारे, पश्चिमेकडून अंगरख्यावर क्रूस शिवून येणारे, पूर्वेकडून तंबू आणि मेंढरं घेऊन येणारे, सगळ्यांची वाट त्यांच्या दारावरून. काहींनी तर दार फोडूनच ओळख करून दिली. पण उंबऱ्यात कोणीही उभं राहो, शास्त्रीबुवा एक नजर टाकत आणि म्हणत, "हां हां, म्हणजे तुम्ही ते!"

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात असे एक काका असतात. तुम्ही नुसतं "सांगलीचा" म्हणायचा अवकाश, "म्हणजे आमच्या तात्यांच्या साडूंकडचे!" असं म्हणून ते मोकळे. तुम्ही नाही म्हणा, मान हलवा, हवं तर आडनाव सांगा. पंगत उठेपर्यंत तुम्ही तात्यांच्या साडूंकडचे झालेले असता आणि तुमच्या एका मेलेल्या मावशीची चौकशीही होऊन गेलेली असते. शास्त्रीबुवा याच वाणाचे. फरक इतकाच, की काकांच्या साडूंना जाऊन फार तर वीस वर्षं झालेली असतात. शास्त्रीबुवा ज्यांच्याशी पाहुण्यांचं नातं लावत त्यांना जाऊन दीड-दोन हजार वर्षं उलटलेली असत, आणि त्यांतले निम्मे मुळात जन्मलेच नव्हते.

हे एका माणसाचं चित्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाचव्या शतकातल्या प्रिस्कसपासून पंधराव्या शतकातल्या क्रितोबुलोसपर्यंत या शहरानं इतिहासकारांची जी माळ ओवली, त्या सगळ्यांना मी एकाच धोतरात बसवलं आहे. त्यांची खोडच इतकी सारखी, की हजार वर्षांत फक्त हस्ताक्षर बदललं असं वाटतं.

खोड लागली शाळेत. कॉन्स्टँटिनोपलच्या पोराला अक्षरं जुळवता यायला लागली की हातात होमर पडायचा. धर्मानं ही मंडळी कडवी ख्रिस्ती. झ्यूस खोटा, अथीना खोटी, त्यांची देवळं सैतानाची, हे पक्कं ठाऊक. पण खोटं असलं तरी पाठ. अकराव्या शतकातला मायकेल प्सेल्लोस मोठ्या तोऱ्यानं सांगतो की लहानपणी आपण अख्खं इलियड म्हणून दाखवत होतो. आणि ते पाठांतर नुसतं परीक्षेपुरतं नव्हतं. सम्राट कॉन्स्टंटाइन मोनोमाखोसची एक प्रिया होती, स्क्लेराइना. एकदा ती राजघराण्यातल्या बायकांबरोबर मिरवणुकीनं निघाली असताना गर्दीतला एक दरबारी होमरमधले दोनच शब्द पुटपुटला. ट्रॉयच्या तटावर बसलेले म्हातारे हेलनला येताना पाहून म्हणतात की हिच्यापायी लढाई झाली तर झाली, त्या ओळीतले पहिले दोन शब्द. पुढचं कोणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. बिचाऱ्या स्क्लेराइनाला मात्र कळलं नाही. तिनं ते शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले आणि नंतर त्या माणसाला बोलावून अर्थ विचारला. कळल्यावर खूश झाली. प्सेल्लोस हा किस्सा अशा चवीनं सांगतो, की एकूण दरबाराच्या कारभारापेक्षा या दोन शब्दांचा त्याला जास्त अभिमान असावा.

तर अशा शाळेतून बाहेर पडलेले शास्त्रीबुवा इतिहास लिहायला बसले की भाषा वापरायचे पेरिक्लीसच्या अथेन्सची. घरात बायकोशी, बाजारात मासेवाल्याशी ती भाषा ते बोलत नसत. बोलले असते तर मासे मिळाले नसते. आज एखाद्यानं पाणीकपातीवरचा अग्रलेख ज्ञानेश्वरांच्या मराठीत लिहावा तसा हा प्रकार, आणि अंतर त्याच्या दुप्पट. आता अशा सोवळ्या गद्यात 'पेचेनेग' हा शब्द कुठे ठेवायचा? हेरोडोटसनं तो वापरलेला नाही, थ्युसिडिडीसनं नाही. पुरणात खडा लागावा तसा तो दाताखाली येतो. राजकन्या अ‍ॅना कोम्निनी हिनं बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला, त्याला नावही इलियडच्या चालीवर 'अलेक्सियाड' ठेवलं. त्यात परक्या सरदारांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा ती वाचकांची जवळपास क्षमाच मागते. या नावांनी माझ्या इतिहासाचं अंग मळतंय, पण इलाज नाही. धर्मयुद्धाला आलेल्या फ्रँक सरदारांची यादी तर ती देतच नाही. असले आवाज माझ्या तोंडून निघत नाहीत, म्हणते, आणि शिवाय ते फार आहेत.

यावर शास्त्रीबुवांनी काढलेला तोडगा म्हणजे एक भलंमोठं लाकडी कपाट समजा. खण जुने, खणांवरच्या चिठ्ठ्या जुन्या, आत माल रोज नवा. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून जो येईल तो 'सिथियन'. हा हेरोडोटसच्या वेळचा शब्द. आपल्याला ओळखीचे शक त्याच गोतावळ्यातले. हूण आले, शक. आवार आले, शक. खझार, पेचेनेग, कुमान, सगळे शक. नीपर नदीतून रुस आले, ते 'तौरोशक', म्हणजे क्रिमियाकडचे शक. तेराव्या शतकात मंगोल आले. त्यांच्यापुढे अर्धं जग हादरलं, पण शास्त्रीबुवा हादरले नाहीत. खण उघडा होताच. बाकीच्यांची सोयही अशीच लागलेली. फ्रेंच आणि नॉर्मन ते केल्ट. सेल्जुक तुर्क ते पर्शियन. बल्गेरियन ते मायसियन, सर्ब ते त्रिबल्ली, हंगेरियन ते पेओनियन. खरे शक केव्हाच इतिहासात विरून गेले होते. पण चिठ्ठी चांगल्या शाईनं लिहिलेली असली की फाडायला जीव होत नाही.

यात त्यांची बाजू अगदीच लंगडी होती असंही नाही. जुन्या वाड्यात एखादी खोली 'पाटणकरांची' असते. पाटणकर जाऊन चाळीस वर्षं झाली, मधे तीन भाडेकरू होऊन गेले, आता तिथे शिकवणीचा वर्ग चालतो, तरी ती पाटणकरांचीच. शास्त्रीबुवांच्या लेखी शक हे माणसांचं नाव कमी आणि खोलीचं जास्त. त्या थंड, सपाट, गवताळ मुलखात जो राहील त्याला तिथलं हवापाणी शक करूनच सोडेल, असा त्यांचा जुना वैद्यकी विश्वास होता.

शिवाय खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती असं समजलात तर फसाल. दहाव्या शतकातला सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा यानं आपल्या मुलासाठी राज्यकारभाराची एक खासगी वही लिहवून घेतली. तिच्यात पेचेनेगांना पेचेनेगच म्हटलंय. त्यांना काय भेटी द्याव्यात, कोणाच्या अंगावर घालावं, रुसांना त्यांची भीती का वाटते, हे सगळं नीट आहे. नीपर नदीतल्या धबधब्यांची नावं रुस भाषेत एक आणि स्लाव भाषेत एक अशी दोन-दोन दिली आहेत, आणि पहिल्याच्या नावाचा अर्थ 'झोपू नका' असाही खुलासा आहे. ही वही साध्या भाषेत लिहिली म्हणून सम्राट दिलगिरीवजा दोन शब्दही टाकतो. म्हणजे कचेरीत पेचेनेग आणि ग्रंथात शक. सोवळं आणि ओवळं दोन्ही एकाच घरात, दोन खुंट्यांवर.

कधी कधी खणातला माल स्वतःच बोलायला लागे, तेव्हा पंचाईत व्हायची. ४४९ साली प्रिस्कस हूणांचा राजा अट्टिला याच्या छावणीत वकिलातीबरोबर गेला. छावणीत फिरताना शकांचा पोशाख केलेला, नीटनेटका, केस कापलेला एक गृहस्थ समोर आला आणि त्यानं चक्क ग्रीकमध्ये रामराम केला. चौकशी केली तर हा डॅन्यूबकाठचा ग्रीक व्यापारी; लुटीत पकडला गेला, मग हूणांकडून लढून सुटका मिळवली, तिथेच लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि आता परत जायचं नावही काढत नव्हता. तिकडे कर फार, कोर्टात पैसेवाल्याला एक न्याय आणि गरिबाला दुसरा, इथे बरं चाललंय म्हणाला. प्रिस्कसनं मग त्याला रोमन कायद्याच्या थोरवीवर लांबलचक व्याख्यान दिलं. शेवटी तो माणूस रडला म्हणे. व्याख्यानाची लांबी पाहता त्याच्या रडण्याचं कारण एकच असेल असं मला वाटत नाही.

इथवर नुसता नावांचा खेळ होता. पण नातं लावणाऱ्या माणसाचं नुसत्या आडनावावर भागत नाही. त्याला मूळपुरुष लागतो. तिथे पुराणं मदतीला धावून येतात, आणि शास्त्रीबुवांची कळी खरी खुलते.

९७१ साल. रुसांचा राजा स्वियातोस्लाव डॅन्यूबवरच्या दोरोस्तोलोनच्या किल्ल्यात अडकलाय, सम्राट जॉन त्झिमिस्केस वेढा घालून बसलाय. हा इतिहास लिहिला लिओ डीकन यानं. रुस लोक रात्री चांदण्यात आपल्या मेलेल्यांना जाळतात, बळी देतात, नदीत कोंबडे बुडवतात, हे लिहिता लिहिता लिओ थबकतो. हे विधी यांना कोणी शिकवले? विधी तर आपलेच, ग्रीकांचे! एक तर शकांचे तत्त्वज्ञ अनाखार्सिस आणि झामोल्क्सिस यांनी, नाहीतर अकिलीसच्या सोबत्यांनी. अकिलीस? हो. अकिलीस हा मुळात शकच, लिओ सांगतो. आझोव्हच्या समुद्राकाठचं मिर्मेकिओन नावाचं एक छोटं गाव, तिथला. त्याच्या तापटपणाला, क्रूरपणाला आणि मग्रुरीला कंटाळून शकांनी त्याला हाकलला, तेव्हा तो ग्रीसमध्ये थेसलीला येऊन राहिला. म्हणजे होमरचा महानायक हा गावानं वाळीत टाकलेला पोरगा! आधार म्हणून लिओ दुसऱ्या शतकातल्या अरियनच्या समुद्रप्रवासाच्या वर्णनाचं नाव घेतो. अरियनचं ते पुस्तक आज उपलब्ध आहे. त्यात हे नाही.

पण आधारावाचून शास्त्रीबुवा अडत नाहीत, पुरावे आहेत ना. अकिलीस पायी लढायचा, रुसही पायी लढतात. अकिलीसचे केस तांबूस, यांचेही तांबूस. डोळे घारे, यांचेही घारे. अकिलीस खांद्यावर टाचणी लावून वस्त्र घ्यायचा, हेही घेतात. अकिलीस चिडका, हेही चिडके. अ‍ॅगमेम्नॉननं त्याला भांडकुदळ म्हटलंच होतं, आणि हे रुस अजून आपसातले वाद मारामारी करूनच मिटवतात. सिद्ध झालं. गावाचं नाव मिर्मेकिओन आणि अकिलीसच्या सैन्याचं नाव मिर्मिडोन, दोन्हींच्या मुळाशी ग्रीकमधली मुंगी. मुंगीएवढ्या धाग्यावर एवढा मोठा हत्ती झुलवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बरं, पूर्ण थाप म्हणावी तर तसंही नाही. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रीक वसाहतवाले अकिलीसची खरोखर पूजा करत. त्याच्या नावाचं बेट होतं, खलाशी त्याला नवस बोलत. लिओनं त्या देवळाच्या उंबऱ्यावरून पाय घसरू दिला, एवढंच.

आणि मग गंमत होते. लढाई संपते, तह ठरतो, दोन राजे डॅन्यूबच्या काठावर भेटतात, आणि लिओच्या डोळ्यांवरचा होमर क्षणभर बाजूला सरकतो. सम्राट सोनेरी चिलखतात, घोड्यावर, मागे झगमगती फौज. पलीकडून एक होडी येते. तिच्यात स्वियातोस्लाव इतरांच्या बरोबरीनं वल्हं मारतोय. उंची मध्यम. भुवया दाट, डोळे घारे, नाक बसकं, दाढी विरळ, ओठावर मात्र लांब भरघोस मिशा. डोकं तासलेलं, फक्त एका बाजूला केसांची बट सोडलेली, ती खानदानाची खूण. मान भक्कम, छाती रुंद, चेहरा उग्र आणि खिन्न. एका कानात सोन्याची बाळी, दोन मोती आणि मधे लाल खडा. अंगात पांढरे कपडे. बरोबरच्या माणसांच्या कपड्यांत आणि त्याच्यात फरक एकच, त्याचे स्वच्छ होते. होडीतच बसून तो सम्राटाशी चार शब्द बोलला आणि गेला. दुसऱ्या वर्षी परतीच्या वाटेवर पेचेनेगांनी त्याला मारला.

या वर्णनात अकिलीस कुठेही नाही. इथे एक माणूस बसलाय. हजार वर्षांपूर्वीचा, वल्ह्यानं हातांना घट्टे पडलेला, कपडे धुतलेला माणूस. घाऱ्या डोळ्यांपलीकडे त्याचं काहीच होमरमध्ये बसत नाही, आणि लिओ ते बसवायला जातही नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शास्त्रीबुवांबद्दलचे माझे निम्मे विनोद घशात अडकले. अर्थात त्या शेंडीवर आणि भिकबाळीवर नजर जाताच मला थेट शनिवारवाड्यावरचं कोणीतरी आठवलं आणि तोंडातून "हां हां, म्हणजे हे" निघणारच होतं. म्हणजे पाट मांडलाच असेल तर माझाही एक मांडा.

अ‍ॅनाबाईंची तऱ्हा जरा वेगळी. त्यांना परक्यांचा तिटकारा होता, पण देखण्या परक्यांचा थोडा कमी. १०८१ साली दुराझ्झोच्या लढाईत नॉर्मन फौज पळत सुटली, तेव्हा तिचा सरदार रॉबर्ट गिस्कार याची बायको सिकेलगाइता भाला घेऊन आपल्याच पळणाऱ्या सैनिकांच्या मागे धावली. अ‍ॅनाबाई लिहितात, जणू दुसरी पल्लासच, अथीना नसली म्हणून काय झालं. ही बाई सालेर्नोच्या लोंबार्ड घराण्यातली. ती आपल्या बोलीत काहीतरी ओरडली. ते होमरच्या ओळीसारखंच होतं, असं अ‍ॅनाबाई खात्रीनं सांगतात. अ‍ॅनाबाईंचा जन्म १०८३ चा. जन्माआधी दोन वर्षं, दूरवरच्या गोंगाटात, न येणाऱ्या भाषेतला होमर ओळखायचा म्हणजे कान तयार असावा लागतो.

बाराव्या शतकातला जॉन त्झेत्झेस हा या घराण्यातला चक्रम चुलता. आपल्याजवळ पुस्तकं नाहीत, आपलं डोकं हेच ग्रंथालय, असं अभिमानानं सांगणारा. स्वतः लिहिलेल्या पत्रांवर स्वतःच बारा हजारांवर ओळींची पद्य टीका लिहिणारा, कारण दुसऱ्या कोणी लिहिली नसती. त्यानं एका ठिकाणी फुशारकी मारली आहे की या शहरात जो भेटेल त्याच्याशी मी त्याच्या भाषेत बोलतो. शकाशी शकांसारखा, पर्शियनाशी पर्शियनांसारखा, लॅटिनांशी, रुसांशी, अरबांशी तसाच. वर नमुन्यादाखल एकेक वाक्यही देतो. त्याचं शक भाषेतलं अभिवादन वाचा, त्यात सरळसरळ 'सलाम' आहे. हेरोडोटसच्या शकांनी कोणाला सलाम अलेकुम केलं असेल असं वाटत नाही. बोलणारे होते रस्त्यावरचे कुमान. नाव जुन्या पोथीतलं, कान मात्र बाजारात उघडे. त्झेत्झेस मला सगळ्यांत आवडतो तो याचसाठी.

सहाव्या शतकातला प्रोकोपियस तर या कुळात निपजलाच कसा असा प्रश्न पडावा इतका समंजस. अमेझॉन नावाची नुसत्या बायकांची जात कधी नव्हतीच, म्हणतो. टोळ्यांबरोबर बायका असत, पुरुष मेले की त्याच शस्त्र उचलत. आपल्याच काळात हूणांशी चकमक झाल्यावर रणांगणात बायकांची प्रेतं सापडली आहेत. किती सरळ! पण हाच गृहस्थ दूर पश्चिमेच्या ब्रित्तिया बेटाकडे वळला की सांगू लागतो, तिथे समोरच्या किनाऱ्यावरचे कोळी रात्री हाक आली की उठतात, न दिसणाऱ्या मेलेल्या माणसांनी काठोकाठ भरलेल्या होड्या वल्हवत बेटावर सोडून येतात. घरापासून अंतर वाढलं की शास्त्रीबुवांचा समजूतदारपणा उताराला लागतो. उत्तरेकडे जर्मनीत ब्रेमेनचा अ‍ॅडम बसला होता, तोही याच जातीचा. त्यानं १०७५ च्या सुमारास बाल्टिकच्या काठावर अमेझॉनांचा मुलूखच वसवला. त्यांच्या मुली सुंदर, मुलगे मात्र कुत्र्याच्या तोंडाचे. अभ्यासकांचा तर्क असा, की तिकडच्या क्वेन नावाच्या लोकांचं नाव ऐकून कोणाला तरी 'बाई' या अर्थाचा शब्द ऐकू आला. एका अक्षराच्या चुकीनं एवढं मोठं स्त्रीराज्य!

आता या सगळ्या मंडळींना स्वतःच्या नावाबद्दल काय वाटायचं ते ऐका. ते स्वतःला ग्रीक म्हणवत नसत. बोलायचे ग्रीक, लिहायचे ग्रीक, होमर पाठ, पण आम्ही रोमन! ९६८ साली इटलीतून पोपचे दूत पत्र घेऊन आले. त्यात इकडच्या सम्राटाला 'ग्रीकांचा सम्राट' आणि तिकडच्या जर्मन राजा ओटोला 'रोमनांचा सम्राट' म्हटलं होतं. दरबार असा भडकला की त्या दूतांना तुरुंगात टाकलं. क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड तेव्हा तिथेच वकील म्हणून राळ घातलेल्या वाईनला नावं ठेवत बसला होता, त्यानंच हे लिहून ठेवलंय. अख्ख्या जगाला पंधराशे वर्षांपूर्वीच्या आडनावांनी हाक मारणाऱ्या घराला एका पत्राचा मायना झोंबला. पुढे साम्राज्य बुडाल्यावर पश्चिमेच्या पंडितांनी त्यांना 'बायझँटाईन' हे तिसरंच नाव चिकटवलं, तेव्हा तुरुंगाच्या किल्ल्या त्यांच्याकडे उरल्या नव्हत्या.

आपल्या पंडितांनी तर त्यांना कधीच एका खणात टाकलं होतं. ग्रीक म्हणजे यवन. आणि पुढे खरे यवन दिसेनासे झाल्यावर तोच शब्द उत्तरेकडून आलेल्या तुर्कांना लागला. दिल्लीजवळच्या पालमच्या विहिरीवर १२७६ चा संस्कृत शिलालेख आहे, त्यात दिल्लीच्या सुलतानांना शकही म्हटलंय. म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा शास्त्री आणि इकडचा शास्त्री, एकमेकांना न भेटता, घोड्यावरच्या तुर्काकडे बोट दाखवून एकच शब्द बोलत होते. आणि इकडच्याच्या कोशात तुर्क आणि ग्रीक एकाच चिठ्ठीखाली!

तर हे कपाट एक दिवस शास्त्रीबुवांच्या अंगावर पडलं. झालं असं, की होमर त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. पश्चिमेकडे सातव्या शतकापासूनच एक हिशेब तयार होता. फ्रेदेगार या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बखरीत फ्रँक लोक ट्रॉयचे निघतात, प्रायम त्यांचा पहिला राजा. आणि वाटेत मागे राहिलेल्या एका शाखेचा तोर्कोतुस नावाचा राजा, त्याच्यावरून तुर्क. म्हणजे फ्रेंच आणि तुर्क चुलतभाऊ. पहिल्या धर्मयुद्धातला एक अनामिक बखरकार लिहितो की तुर्क स्वतःला फ्रँकांचे भाईबंद म्हणवतात, आणि लढवय्ये जन्माला यावेत तर आमच्यात नाहीतर त्यांच्यात असं त्यांचं म्हणणं आहे. हे त्याला कोणा तुर्कानं सांगितलं हे त्यानं सांगितलेलं नाही.

१२०४ साली या ट्रॉयवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. पिएर द ब्रासिए नावाच्या सरदाराला पलीकडच्या फौजेनं विचारलं, इतक्या लांब येऊन तुम्हाला या मुलखाशी काय करायचंय, तुमच्याकडे जमीन नाही का? त्यावर तो म्हणाला, तुम्ही ट्रॉयची गोष्ट ऐकली नाही? ट्रॉय आमच्या वाडवडिलांचं. आम्ही वारसाहक्कानं आलोय. रोबेर द क्लारी या साध्या शिपाईगड्यानं हे गंभीरपणे नोंदवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कवितेतल्या घराच्या सातबाऱ्यावर दावा सांगायला आलेले हे वारस!

तेव्हाचे शास्त्रीबुवा होते निकेतास खोनियातेस. घर जळालं, बायकामुलांना घेऊन चिखलातून शहराबाहेर पडले. नंतर त्यांनी लॅटिनांनी नाण्यांसाठी वितळवलेल्या ब्राँझच्या पुतळ्यांची एक शोकयादी लिहिली. हिप्पोड्रोममधला लिसिप्पोसचा हर्क्युलिस, ज्याच्या अंगठ्याला लागणारी दोरी माणसाच्या कमरेला पुरावी. आणि हेलनचा पुतळा. तो वितळला हे लिहिताना निकेतास स्वतःला आवरू शकत नाहीत. हे इनियसचे वंशज, ट्रॉय जाळल्याचा राग म्हणून तर यांनी हेलनला आगीत घातलं नाही ना? असं विचारतात, आणि मग म्हणतात, नाही, ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना होमर कुठला माहीत! घराची राख उडत असताना चोराच्या शिक्षणातली उणीव काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटचे शास्त्रीबुवा इम्ब्रोस बेटावरचे क्रितोबुलोस. १४५३ ला शहर पडलं. आता शत्रूच मालक झाला आणि इतिहास लिहायचा तर त्याचाच. क्रितोबुलोस थ्युसिडिडीसच्या थाटात सुरुवात करतात आणि पहिल्याच खंडात अडचण सोडवून टाकतात. सुलतान मेहमेद हा उस्मानी घराण्यातला. उस्मानी पर्शियनांच्या राजकुळातले, अकेमेनिस आणि पर्सिअसचे. आणि पर्सिअस कोणाचा? दानाओसच्या कुळातला, म्हणजे ग्रीकांच्या मूळपुरुषांचा. झालं! तोफा लावून शहराची तटबंदी फोडणारा सुलतान घरातलाच निघाला.

मग चौथा खंड. १४६२ साली लेस्बोसच्या मोहिमेवर जाताना सुलतान ट्रॉयच्या अवशेषांपाशी थांबतो. अकिलीसची समाधी कुठे, अ‍ॅजॅक्सची कुठे, विचारतो. होमरसारखा कवी मिळाला म्हणून त्या वीरांना भाग्यवान म्हणतो. आणि म्हणतो की इतक्या वर्षांनी या शहराचा सूड घ्यायला देवानं मला राखून ठेवलं होतं. आम्हा आशियावाल्यांवर तेव्हा आणि नंतर ग्रीकांनी जो अन्याय केला त्याची फेड आज झाली.

एकाच ग्रंथात, एकाच शाईनं, एकच माणूस पहिल्या खंडात ग्रीकांचा नातलग आणि चौथ्या खंडात ग्रीकांवर सूड उगवणारा. शास्त्रीबुवांना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी ग्रंथ सुलतानाला अर्पण केला, आणि त्याची एकुलती एक पोथी तोपकापीच्या वाड्यात, सुलतानाच्या पुस्तकांत पडून राहिली.